मशीन लागेपर्यंत बाबांनी हात नुसता मांडीवर ठेवायचा का?

पत्र: ताई, बाबांना (वय ६१) आठ महिन्यांपूर्वी स्ट्रोक झाला. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी, त्यामुळे उजवं अंग गेलं. चालणं बरंच आलंय, काठी घेऊन घरभर फिरतात. हात मात्र अडकलाय. खांदा थोडा उचलतात, कोपर वाकतं, मूठ मिटते पण उघडताना बोटं जेमतेम हलतात. खांदा दुखतो पण. फिजिओ म्हणाले आता प्लॅटो आलाय, म्हणजे सुधारणा थांबलीय. एका सेंटरमध्ये सांगितलं की ब्रेन स्टिम्युलेशनच्या वीस सिटिंग घ्या, हात शंभर टक्के येईल. दादा म्हणतो एवढा खर्च कशाला, डोक्याला लावायचं छोटं मशीन ऑनलाइन मिळतं, ते आणून घरीच करू. यावरून रोज वाद. बाबांनी तर व्यायामच सोडलाय, म्हणतात मशीन लागलं की बघू. पहिल्या आठवड्यात एकदा फिट आली होती, तिची गोळी चालू आहे, बाकी काही त्रास नाही. कोणतं मशीन घ्यावं? – एक लेक

अगं, तू विचारतेस कोणतं मशीन, आणि मी थांबले ती तुझ्या त्या फिटवाल्या वाक्यावर. सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे आणि तू ते जाता जाता लिहिलंयस. सेंटरवाल्यांना हे सांगितलंस का? मुख्य म्हणजे त्यांनी स्वतःहून विचारलं का? विचारलं नसेल तर माझ्या मते तिथली पुढची चौकशीच नको. डोक्यावर मॅग्नेटची कॉइल ठेवायच्या आधी जे प्रश्न विचारायलाच लागतात त्यातला पहिला हाच असतो, कधी फिट आली होती का. मग डोक्यात धातूची क्लिप वगैरे आहे का, पेसमेकर आहे का, कानात इम्प्लांट आहे का, कोणत्या गोळ्या चालू आहेत. हे काही न विचारता जो थेट वीस सिटिंगचं बोलतो त्याच्यापासून लांबच राहिलेलं बरं.

घाबरून जाऊ नकोस पण. स्ट्रोकनंतर पहिल्या सात दिवसांत येणारी फिट ही मेंदूला नुकताच मार बसलेला असताना आलेली असते, काही महिन्यांनी येणाऱ्या फिटपेक्षा डॉक्टर ती वेगळी धरतात आणि तेवढ्यावरून माणसाला कायमची एपिलेप्सी झाली असं म्हणत नाहीत. आणि नीट तपासून, ठरलेल्या मर्यादेत दिलेल्या टीएमएसमुळे, म्हणजे मॅग्नेटच्या त्या झटक्यांमुळे, फिट येणं हे तसं फार क्वचित होतं. तरीपण बाबांच्या बाबतीत हो की नाही हे त्यांच्या न्यूरॉलॉजिस्टनेच ठरवायचं, ते सेंटरच्या रिसेप्शनवर ठरत नाही आणि मीही ठरवू शकत नाही, मी फिजिओ आहे. आणि मशीनसाठी ती फिटची गोळी बंद करा असं कुणीही म्हणालं तर ऐकायचं नाही, एक दिवससुद्धा नाही.

आता मशीनकडे येऊ. ब्रेन स्टिम्युलेशन हे नुसतं वरचं नाव झालं, त्यात तीन-चार अगदी वेगवेगळ्या गोष्टी येतात. सेंटरवाले म्हणतायत ती एक, दादा म्हणतो ती दुसरीच, म्हणजे तुम्ही बहीणभाऊ रोज भांडताय ते दोन वेगळ्या वस्तूंवरून.

सेंटरवालं बहुतेक टीएमएस असणार. १९८५ साली इंग्लंडमध्ये शेफील्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की डोक्याला कुठेही न कापता, बाहेरून मॅग्नेटचा झटका देऊन मेंदूतला हाताचा भाग जागा करता येतो, हात आपोआप हलतो. तेच तंत्र पुढे वाढलं. प्रत्यक्षात काय करतात ते सांगते म्हणजे बाबांनाही समजावता येईल. खुर्चीत बसवतात, कानात प्लग देतात कारण कॉइलचा टक टक आवाज चांगलाच मोठा असतो. इंग्रजी आठच्या आकाराची कॉइल डोक्यावर, टाळूपासून थोडी बाजूला धरतात आणि एकेक झटका देत जरा जरा सरकवत जातात. बराच वेळ नुसती टिचकी मारल्यासारखं वाटतं, बाकी काहीच नाही, आणि मग एका जागी कॉइल आली की मांडीवर ठेवलेल्या हाताचा अंगठा आपला आपण उडतो. हसतात लोक, दचकतात, परत एकदा करा म्हणतात. ती जागा खूण करून ठेवतात, कमीत कमी किती ताकदीला अंगठा उडतो ते मोजतात आणि त्यावरून त्या माणसाचा डोस ठरवतात. हे मोजमाप न करता सगळ्यांना एकच आकडा लावत असतील तर ते टीएमएस नावालाच.

मग खरी सिटिंग. आणि इथे घरच्यांचा हमखास गोंधळ होतो कारण कॉइल बऱ्याचदा चांगल्या बाजूला लावतात! बाबांचा डावा मेंदू दुखावलाय तर कॉइल उजवीकडे. नातेवाईक येऊन हळूच सांगतात की मॅडम चुकीच्या बाजूला लावलंय बहुतेक. चुकलेलं नसतं, त्यामागचा विचार असा की मेंदूचे दोन अर्धे एकमेकांना थोडं दाबून असतात, एक अर्धा स्ट्रोकने कमजोर झाला की दुसरा त्याला जास्तच दाबतो, म्हणून चांगल्या बाजूला सेकंदाला एक अशा संथ झटक्यांनी थोडं शांत करायचं म्हणजे दुखावलेल्या बाजूला डोकं वर काढता येईल. दुसरी रीत म्हणजे दुखावलेल्या बाजूलाच भरभर झटके देऊन तिला चेतवायचं. त्यातलाच एक नवा प्रकार आहे थीटा बर्स्ट, २००५ पासूनचा, त्यात सहाशे झटके साधारण तीन मिनिटांत देऊन होतात.

ऐकायला छानच वाटतं सगळं. पण हा दाबादाबीचा हिशोब प्रत्येकाच्या मेंदूत असाच चालतो असं नाही हे आता दिसायला लागलंय. ज्यांचं नुकसान खूप मोठं आहे त्यांच्यात तो चांगला अर्धाच दुबळ्या हाताचं थोडंफार काम उचलत असतो, आणि अशा माणसात त्यालाच शांत केलं तर उपयोग होण्याऐवजी नुकसान व्हायचं. म्हणून सगळ्यांना उजवीकडे संथ, वीस सिटिंग, असं एकच पॅकेज ऐकलं की मला शंका येते.

आता पुरावा काय म्हणतो ते, कारण शंभर टक्के हा शब्द माझ्या डोक्यातून जात नाहीये. अमेरिकेत बारा सेंटर मिळून एक मोठी ट्रायल झाली, नाइश नावाची, २०१८ मध्ये छापून आली. १९९ पेशंट, स्ट्रोकला ३ ते १२ महिने झालेले, म्हणजे अगदी तुझ्या बाबांसारखे. अर्ध्याहून जास्त जणांना खरी कॉइल, चांगल्या बाजूला, संथ झटके. बाकीच्यांना खोटी कॉइल. आणि सगळ्यांना त्याच्या जोडीला हाताची व्यवस्थित थेरपी, सहा आठवड्यांत १८ सेशन. सहा महिन्यांनी मोजलं. हाताचा स्कोअर ६६ पैकी असतो, फुगल-मायर म्हणतात त्याला, त्यात निदान ५ मार्क वाढले तर फरक पडला असं धरलं होतं. खऱ्या कॉइलवाल्यांत ६७ टक्के लोक तिथे पोचले. खोट्या कॉइलवाल्यांत ६५ टक्के.

हे दोन आकडे दादालाही वाचून दाखव आणि सेंटरवाल्यांनाही. कुणी म्हणेल म्हणजे मशीन बोगस. माझं वाचन जरा वेगळं आहे. स्ट्रोकला तीन महिने ते वर्ष झालेल्या, एरवी प्लॅटो आला म्हणून सोडून देतात अशा लोकांपैकी दोन तृतीयांश सुधारले की! कॉइल खरी असो नाहीतर खोटी. दोघांना मिळालेली एकच गोष्ट समान होती, ती म्हणजे सहा आठवडे कुणीतरी समोर बसून हाताकडून नेमकं काम करून घेतलं. तुझ्या घरात सध्या नेमकं तेवढंच बंद पडलंय.

आता दुसरी बाजूही सांगायला पाहिजे, नाहीतर मी फिजिओ म्हणून मशीनच्या विरुद्धच बोलते असं व्हायचं. छोट्या छोट्या अभ्यासांमध्ये, विशेषतः स्ट्रोकनंतर पहिल्या काही आठवड्यांत-महिन्यांत दिलेल्या संथ टीएमएसचे निकाल बरे आलेत, इतके की युरोपातल्या तज्ज्ञांच्या गटाने २०२० च्या त्यांच्या शिफारशींमध्ये त्या काळातल्या हाताच्या रिकव्हरीसाठी त्याला सगळ्यात वरचा दर्जा दिला. म्हणजे एकीकडे एवढी मोठी ट्रायल काही फरक नाही म्हणते, दुसरीकडे जाणकार मंडळी उपयोग आहे म्हणतात. दोन्ही खरं असू शकतं, माणूस कोणता, स्ट्रोक कुठे, किती लवकर दिलं, जोडीला काय केलं यावर पुष्कळ अवलंबून आहे. पण यातून शंभर टक्के कुठून निघतं ते मला कुणीतरी समजावून सांगा. अमेरिकेत हे मशीन डिप्रेशनसाठी २००८ मध्ये मंजूर झालं, स्ट्रोकमधल्या हातासाठी त्याला तशी मंजुरी तिथे नाही.

(लहान अभ्यासात फायदा दिसायचा आणि मोठ्या ट्रायलमध्ये तो गायब व्हायचा, हे स्ट्रोकमध्ये आधीही झालंय बरं का. फ्लुओक्सेटीन नावाची डिप्रेशनची गोळी दिली की हातपाय लवकर येतात असं २०११ मध्ये ११८ लोकांच्या अभ्यासात दिसलं, सगळीकडे देत सुटले, आणि मग २०१८ मध्ये तीन हजारांवर लोकांची ट्रायल आली त्यात दैनंदिन कामात काही फरक नाही, उलट हाडं मोडायचं प्रमाण वाढलेलं. लहान अभ्यासावर नाचू नये ते यासाठी.)

तर स्टिम्युलेशन खरं करतं काय? हालचाल ते देत नाही. फार तर मेंदूचा तो भाग थोडा वेळ जास्त तयार, जास्त शिकाऊ होतो, आणि हा थोडा वेळ म्हणजे एका सिटिंगनंतर साधारण अर्धा-एक तास. त्या वेळात हाताने मेहनत केली तर कदाचित तीच मेहनत जास्त मुरते. शेत नांगरून ठेवलं आणि पेरलंच नाही तर काय उगवणार, तसं आहे ते. म्हणून सेंटरला माझा खरा प्रश्न मशीनबद्दल नाहीच, कॉइल डोक्यावरून काढल्यावर पुढचा तासभर तुम्ही बाबांकडून काय करून घेणार हा आहे. सिटिंग झाली, चहा घ्या, घरी जा, असं असेल तर त्या वीस सिटिंगचे पैसे पाण्यात.

दादाच्या मशीनबद्दल आता. ते टीडीसीएस असणार. डोक्याला दोन ओले स्पंज लावतात, त्यातून १ ते २ मिलिअँपिअर इतका बारीक करंट साधारण २० मिनिटं सोडतात. टीएमएससारखा अंगठा वगैरे काही उडत नाही, जरा मुंग्या येतात, खाज येते, बस. स्वस्त आहे, हलकं आहे, म्हणून दादाला पटतंय, आणि त्याच्या जागी मलाही मोह झाला असता. पण याच्या मागचा पुरावा टीएमएसपेक्षाही पातळ आहे. २०२५ मध्ये ट्रान्सपोर्ट-टू नावाच्या अमेरिकन ट्रायलचे निकाल आले, १२९ लोक, काहींना खोटा करंट, काहींना २ मिलिअँपिअर, काहींना ४, आणि सगळ्यांना जोडीला चांगला हात बांधून दुबळ्या हाताकडून काम करून घेण्याची थेरपी. करंटने वेगळा असा काही फायदा दिसला नाही. त्रासही विशेष नाही झाला, पण तो तपासलेल्या लोकांवर, माहितगार माणसाच्या देखरेखीखाली. घरी काय होतं, स्पंज वाळतो आणि कातडी भाजते, प्लस-मायनस उलटं लागतं, आज बरं वाटलं म्हणून दोनदा लावलं जातं. २०१६ मध्ये हे संशोधन करणाऱ्याच शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून लोकांना सावध केलं होतं की घरी आपापलं करू नका, एका भागाला चेतवताना दुसऱ्याचं काय होतं ते आम्हालाही पूर्ण कळलेलं नाही. आणि इथे तर फिट येऊन गेलेला माणूस आहे. दादाला सांग ताईने साफ नाही म्हटलंय, माझ्या नावावर ढकल, म्हणजे तुमचा वाद तरी मिटेल.

सर्च केलंस तर आणखी दोन-तीन गोष्टी दिसतील म्हणून पटकन सांगते. मानेतल्या व्हेगस नर्व्हला तार गुंडाळून छातीत छोटं यंत्र बसवतात, थेरपी करताना प्रत्येक हालचालीला फिजिओ बटण दाबून अर्ध्या सेकंदाचा झटका देतो. यात १०८ लोकांची ट्रायल २०२१ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये आली, स्ट्रोकला नऊ महिने ते दहा वर्षं झालेली माणसं, थेरपीनंतर तीन महिन्यांनी म्हणण्यासारखा फरक ४७ टक्क्यांत, खोट्या झटक्यावाल्यांत २४ टक्क्यांत, आणि त्याच वर्षी अमेरिकेत मंजुरीही मिळाली. या सगळ्यात मला सगळ्यात दमदार वाटतं ते हेच, आणि गंमत बघ, इथे झटका आणि हालचाल एकाच क्षणी बांधलेली आहे. पण ऑपरेशन आहे, आणि झटक्याशिवायही त्यांची सहा आठवडे कडक थेरपी होतीच. बाकी मेंदूत खोल तार घालून लहान मेंदूला चेतवायचा अमेरिकेतला प्रयोग २०२३ मध्ये आला तो फक्त १२ लोकांवर, आणि मणक्यात मानेपाशी तारा घालायचा प्रयोग त्याच वर्षी, दोनच जणांवर. उत्साह वाटण्यासारखं आहे, पण बाबांसाठी आज नाही.

आता मला काय वाटतं ते. टीएमएस करूच नका असं मी म्हणत नाही. बोटं जेमतेम का होईना उघडतायत हे तू लिहिलंस ना, ते वाचून बरं वाटलं, कारण मेंदूपासून हातापर्यंतची मुख्य वाट थोडी तरी शिल्लक आहे असा त्याचा अर्थ. ज्यांची ती वाट पूर्ण गेली त्यांचं काम फार अवघड. आणि हे तपासायलाही टीएमएसच वापरता येतं, दुखावलेल्या बाजूला एक झटका देऊन दुबळ्या हाताच्या स्नायूत सिग्नल पोचतो का बघायचं. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या कॅथी स्टिनिअर यांनी स्ट्रोकच्या पहिल्या काही दिवसांत हात किती येईल याचा अंदाज बांधायची पद्धत बसवलीय त्यात हीच तपासणी असते. खरं सांगू तर मला टीएमएसचा हा उपयोग वीस सिटिंगपेक्षा जास्त आवडतो, निदान तो खोटं आश्वासन देत नाही. न्यूरॉलॉजिस्टला भेटशील तेव्हा विचार ही तपासणी कुठे होते का आणि फिटच्या इतिहासात करता येईल का.

ते हो म्हणाले आणि पैसे घरातला दुसरा खर्च न मोडता निघत असले तर घ्या सिटिंग, पण जोडीला थेरपी तिथेच, त्याच तासात, आणि सुरुवातीलाच हाताचा स्कोअर लिहून, व्हिडिओ काढून. टेबलावरची बाटली पकडून उचलतानाचा, मूठ उघडतानाचा. दहा सिटिंग झाल्या की तोच व्हिडिओ परत काढायचा. काही बदललं नसेल तर पुढच्या दहा कशासाठी हे त्यांना विचारायचं, आणि हे सगळं सुरू होण्याआधी ठरवायचं, मधे नाही, मधे माणूस आशेपोटी काहीही कबूल करतो. सगळे पैसे आधी भरा म्हणाले तर नाही म्हण. फिट आली तर तिथे सांभाळायला कोण आहे, डॉक्टर तिथे असतात का फोनवर असतात, हेही. प्रश्न विचारल्यावर चिडले तर तुझं उत्तर तुला मिळालं.

न्यूरॉलॉजिस्ट नाही म्हणाले तर मात्र रडत बसायचं नाही, कारण आता मुद्द्याची गोष्ट. प्लॅटो. हा शब्द आमच्या लोकांनी फार सैल वापरलाय. पहिले तीन-चार महिने मेंदूचं आपोआप भरून येणं जोरात असतं हे खरं, नंतर ते मंदावतं हेही खरं, पण मंदावलं म्हणजे थांबलं नाही. लंडनला क्वीन स्क्वेअरमध्ये हातासाठी एक प्रोग्रॅम आहे, तीन आठवड्यांत ९० तास, म्हणजे नोकरीला गेल्यासारखं रोज सहा तास हाताचंच काम. त्यांनी २२४ लोकांचे निकाल २०१९ मध्ये छापले, त्यातल्या निम्म्यांच्या स्ट्रोकला दीड वर्षाहून जास्त झालेलं होतं. हात सुधारले, आणि सहा महिन्यांनी बघितलं तरी ती सुधारणा टिकून, उलट थोडी वाढलेली. डोक्याला कुठलंही मशीन नाही.

आणि आपल्याकडचा नेहमीचा फिजिओचा तास काय असतो? अमेरिकेत २००९ च्या सुमाराला कुणीतरी बसून चक्क मोजलं की एका सेशनमध्ये पेशंट दुबळ्या हाताने कामाच्या हालचाली किती वेळा करतो. सरासरी ३२ वेळा. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसतात तिथे दिवसाला शेकड्याने होतात. तेव्हा बाबांना प्लॅटो आला की सरावच तुटपुंजा पडला हे आधी बघ. तुमच्या फिजिओंना दोष देत नाही, एवढ्या वेळात एवढंच होतं, बाकीचं घरीच व्हायला लागतं.

घरी काय, तर स्पंजचा बॉल दाबणं बंद कर. करतायत ना? सगळे करतात. बाबांची मूठ मिटतेच आहे, अडचण उघडायची आहे, आणि आखडणाऱ्या बोटांना आणखी आखडायचा व्यायाम देऊन काय मिळणार. टेबलाशी बसवा, उजवा हात टेबलावर, खाली घडी केलेला टॉवेल, आणि हात पुढे सरकवत बोटं जमतील तेवढी पसरायची, मग मागे. सरकवताना खांदा वर चढतो, अंग पुढे झुकतं, ते होऊ द्यायचं नाही, पाठ खुर्चीला. मग हलका प्लॅस्टिकचा ग्लास, डाव्या हाताने उजवी बोटं उघडून त्याभोवती बसवायची आणि सोडून द्यायचा ग्लास, पकडण्यापेक्षा सोडण्यावर लक्ष. बोटं आधी ताणून सैल केली, मनगट थोडं वर ठेवलं की सोडणं सोपं जातं की अवघड ते बघ, प्रत्येकाचं वेगळं असतं, तुमच्या फिजिओला समोर बसवून एकदा बसवून घे. एका दमात वीस, मग विश्रांती, परत वीस, दिवसभरात तीन-चार वेळा, आणि कागदावर रेघा ओढायच्या. रेघा बाबांनीच ओढायच्या, डाव्या हाताने का होईना. चांगला हात बांधून ठेवायची थेरपी ऐकली असशील, तिचा पुरावा चांगला आहे, २००६ ची २२२ लोकांची ट्रायल आहे, पण त्यासाठी मनगट आणि बोटं ठरावीक अंशात स्वतःहून उघडावी लागतात, बाबा अजून तिथे नसावेत, तेव्हा घरच्या घरी हात बांधून बसवू नका, नुसती चिडचिड होईल. बोटं फारच कडक असतील तर बोटॉक्सच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचार, त्याने कडकपणा सैल पडतो, पण परत तेच, सैल पडल्यावर सराव पाहिजे.

बाबांचं काय करायचं. मशीन लागलं की बघू म्हणणारा माणूस आळशी नसतो गं, आठ महिने रोज करून हात येत नाही हे बघून तो दमलेला असतो, आणि शंभर टक्के म्हणणारा कुणीतरी भेटला की त्याला सुटल्यासारखं होतं. त्यांना आकडे सांगत बसू नकोस. सरळ म्हण, बाबा, ते मशीन द्यायचं ठरलं तरी हात सैल आणि तयार असेल तरच उपयोग आहे, तोवर आपण तयारी करू. हे काही फसवणं नाही, खरंच आहे. आणि स्ट्रोकनंतर बऱ्याच लोकांना डिप्रेशन येतं, त्यामुळेही व्यायाम सुटतो. झोप, जेवण, बोलणं कमी झालंय का ते लक्ष ठेवून बघ, आणि तसं असेल तर तेही न्यूरॉलॉजिस्टला त्याच भेटीत सांग, त्यावर नीट उपचार आहेत.

आणि हे सगळं सुरू करायच्या आधी तो खांदा दाखव. दुखणाऱ्या खांद्याने कुणीच शेकड्याने हालचाली करणार नाही. घरातलं कुणी बाबांना उठवताना उजव्या हाताला धरून ओढत असेल, काखेत हात घालून वर उचलत असेल तर आजपासून बंद, बसल्यावर हात लोंबकळत ठेवायचा नाही, उशीवर आधार द्यायचा, आणि डोक्यावरच्या पुलीचे व्यायाम कुणी शिकवले असतील तर तेही थांबवून आधी खांदा निसटलाय का, आतून सुजलाय का ते तपासून घे. तेवढं झालं की मला लिही, फिटची गोळी कोणती आणि किती चालू आहे तेही लिही, म्हणजे न्यूरॉलॉजिस्टना काय काय विचारायचं त्याची यादी आपण मिळून करू.